पाडवा ते पाडवा: घरी बनवलेल्या निऑन पाटीचा सात महिन्यांचा अनुभव

चैत्रातल्या पाडव्याला आतेभावाच्या पुण्यातील चहाच्या दुकानावर मी घरी तयार केलेली 'चहा' ही प्रकाशमान पाटी लागली आणि दिवाळीच्या पाडव्याला तिला सात महिने पूर्ण झाले. पहाटे सहापासून रात्री आठपर्यंत, म्हणजे रोज चौदा तास ती चालू असते. मधले चार दिवस ती दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर होती, आणि हा अनुभव लिहावासा वाटला तो मुख्यतः त्या चार दिवसांमुळे.

बाजारात जिला सर्रास 'निऑन' म्हणतात त्या पट्टीत निऑन वायूचा लवलेशही नसतो. रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी 1898 मध्ये शोधलेला आणि जॉर्ज क्लोद यांनी 1910 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात काचेच्या नळ्यांतून उजळून दाखवलेला तो वायू फक्त नारिंगी-लाल प्रकाश देतो आणि त्यासाठी काही हजार व्होल्टचा दाब लागतो. आपल्या हाती येते ती 12 व्होल्टवर चालणारी, दुधी सिलिकॉनच्या आवरणात बसवलेली एलईडींची लवचीक पट्टी. समोरून पाहिल्यास फरक सहज कळत नाही. बाजूने मात्र लगेच कळतो, कारण काचेची नळी सर्व बाजूंनी उजळते आणि ही पट्टी केवळ पुढच्या अंगाने.

मी 6 मिलिमीटर रुंद आणि 12 मिलिमीटर उंच अशी पिवळसर पांढऱ्या प्रकाशाची पट्टी, 5 मिलिमीटर जाडीचे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक आणि 12 व्होल्ट, 3 अँपिअरचा पत्र्याच्या डब्यातला एसएमपीएस (घरातली 230 व्होल्टची वीज 12 व्होल्टवर आणणारे उपकरण) असे साहित्य बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून आणले. वायर आणि स्क्रू धरून सगळा खर्च दोन हजारांच्या आत झाला. तयार पाटीसाठी आतेभावाला जो भाव सांगितला गेला होता, त्याच्या निम्म्याहूनही हा कमी आहे. मात्र माझे दोन रविवार यात धरलेले नाहीत.

या कामाचे बहुतेक मार्गदर्शन रोमन अक्षरांसाठी लिहिलेले असते आणि ते देवनागरीला फारसे उपयोगी पडत नाही, हे मला काम सुरू केल्यावर समजले. वळणदार रोमन शब्द पुष्कळदा एकाच अखंड तुकड्यात लिहिता येतो. देवनागरीत शिरोरेषा, दांडे आणि काने ठिकठिकाणी एकमेकांना येऊन भिडतात, आणि पट्टीला फांदी फुटत नाही. त्यामुळे 'चहा' या दोन अक्षरांच्या शब्दासाठी पाच तुकडे करावे लागले: शिरोरेषा, 'च'चा दांडा, 'च'चे पोट, संपूर्ण 'ह' आणि शेवटचा काना. पाच तुकड्यांची दहा टोके होतात. प्रत्येक तुकड्याला एका टोकाशी वायर जोडायची, ती अ‍ॅक्रिलिकला भोक पाडून मागे घ्यायची आणि दुसरे टोक बंद करायचे. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेषा आखून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत, तोच क्रम मला येथे सोयीचा ठरला. शिरोरेषा प्रथम पक्की चिकटवली की बाकीच्या तुकड्यांना टेकायला जागा मिळते.

पट्टी कोठेही कापता येत नाही, हे दुसरे बंधन. 12 व्होल्टच्या माझ्या पट्टीत तीन-तीन एलईडींचे गट आहेत आणि दर 2.5 सेंटीमीटरवर कापण्याची खूण आहे. खूण सोडून कापल्यास तो गट अंधारात राहतो. म्हणून अक्षराचा प्रत्येक अवयव 2.5 च्या पटीत बसवावा लागतो. 'च'चा दांडा मला 21 सेंटीमीटरचा हवा होता, तो 22.5 चा करावा लागला आणि त्याबरोबर सगळा शब्दच थोडा उंच झाला. शिवाय ही पट्टी एकाच प्रतलात वळते. 'ह'च्या खालच्या वळणावर मी अधिक हौस दाखवली तेव्हा आतली तांब्याची वाट तुटली आणि तो तुकडा फुकट गेला. दुसऱ्या वेळी वळण मोठे ठेवले. जाणकाराला तो 'ह' किंचित सुस्त वाटेल, पण तो सलग उजळतो.

वापरातील पहिली तक्रार अंधाराची नसून प्रखरतेची होती. रात्री समोर बसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर उजेड येई, म्हणून डिमर लावला. मग मोबाईलवर चित्रण करताना अक्षरांवर काळे पट्टे सरकू लागले, कारण डिमर प्रकाश कमी करत नाही, तो अतिशय वेगाने चालू-बंद करत राहतो. अखेर डिमर काढून एसएमपीएसवरील व्होल्टेजचा बारीक स्क्रू फिरवला आणि दाब 11 व्होल्टच्या आसपास आणला. प्रकाश सौम्य झाला, पट्टे गेले. पूर्ण 12 व्होल्टवर सुमारे सव्वादोन मीटर पट्टीने दीड अँपिअर, म्हणजे 18 वॅट घेतले होते; एसएमपीएसमधील घट धरूनही महिन्याला नऊ युनिटच्या वर खर्च जाऊ नये.

श्रावणात 'ह' मंदावला, मग लुकलुकू लागला आणि एका सकाळी विझला. उरलेले 'च' आणि 'ा' पाहून गिऱ्हाइकांनी बरेच विनोद केले. सर्वांनी दोष पावसाला दिला आणि मीही तेच गृहीत धरले होते, परंतु पाटी पत्र्याच्या आत आहे आणि तिच्यावर पाण्याचा थेंबही पडत नाही. टोक उघडले तेव्हा तांबे हिरवे पडलेले दिसले. कापलेली टोके बंद करण्यासाठी मी हार्डवेअरच्या दुकानातले साधे सिलिकॉन सीलंट वापरले होते, ज्याला सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो वास अ‍ॅसिटिक आम्लाचा असतो आणि बंद जागेत कोंडलेले ते आम्ल सोल्डरिंगजवळचे तांबे खाते. मी दहाही टोके उघडली, खराब गट कापून टाकले आणि न्यूट्रल प्रकारचे, म्हणजे सुकताना असे आम्ल न सोडणारे, सीलंट भरले. त्यानंतर एकही तक्रार आलेली नाही. डब्यावर 'न्यूट्रल' लिहिलेले नसेल, तर या कामासाठी ते सीलंट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झटपट चिकटणारा गोंदही मी बाद केला आहे. सिलिकॉनला तो धरत नाही आणि त्याच्या वाफेने अ‍ॅक्रिलिकवर पांढरट धूसर डाग उमटतात.

स्टोव्हची वाफ आणि धूळ मिळून पट्टीवर चिकट थर बसतो. तो साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने निघतो. स्पिरिट किंवा काच पुसण्याचे द्रावण लावू नये, कारण त्याने अ‍ॅक्रिलिकच्या कापलेल्या कडांना बारीक तडे जाऊ शकतात. तुलनेसाठी सांगतो, माझ्या पश्चिमेकडच्या गॅलरीत पीव्हीसी आवरणाच्या स्वस्त पट्टीची एक छोटी पाटी आहे. ती याच काळात पिवळी आणि कडक झाली, दुकानातले सिलिकॉन मात्र अजून मऊ आहे. अर्थात दुकानात थेट ऊन येत नाही, हेही खरे.

12 व्होल्टच्या बाजूला हात लागला तरी भीती नाही. एसएमपीएसच्या 230 व्होल्टच्या उघड्या स्क्रूंविषयी मात्र मी आतेभावाशी भांडलो आणि त्याला झाकणाची पेटी व अर्थिंग करायला लावले. तो आधी ते उपकरण स्टोव्हच्या वरच्या फळीवरच ठेवणार होता.

आता त्याला शेजारी 'क्रीम रोल' अशी दुसरी पाटी हवी आहे. कागदावर अक्षरे काढून मोजले, तर दोन शिरोरेषा धरून चौदा तुकडे होतात, म्हणजे अठ्ठावीस टोके. 'खारी' चालेल का, असे मी त्याला विचारले आहे.