कडबा कुट्टी २ एचपी : तुकडा केवढा पडतो ते बघून घ्या

लातूरच्या मार्केटमधून सिंगल फेजची ही चारा बारीक कापायची कुट्टी मशीन घेतली. दुकानात सगळे मोटार अन् तासाला किती क्विंटल हेच सांगतात, पण दुधाचा धंदा असणाऱ्यानं आधी तुकडा बघावा.

आमच्याकडं ज्वारीचा कडबा. पेंढी तशीच टाकली की गाय पानं ओढून खाणार अन् जाड धाटं पायाखाली तुडवणार, निम्मा कडबा उकिरड्यावर. मशीन आली तशी चालवली तेव्हा तुकडा एक सेंटीमीटरपेक्षा बारीक अन् पानांचा नुसता भुगा. गव्हाण पटापट साफ, बघायला लई भारी वाटलं, पण दुपारी सावलीला बसलेल्या गायी बघितल्या तर तोंड हलत नाही, अन् डेअरीवर फॅट ३.५ च्या खाली. गाय दिवसाला सात-आठ तास रवंथ करते, तेव्हाच शंभर लिटरच्या वर लाळ पोटात जाते अन् ती लाळच पोटातलं आम्ल कमी करते, चाराच पिठासारखा झाला तर गाय चघळणार काय?

मग गिअर बदलून तुकडा दोन-अडीच सेंटीमीटरवर आणला. आता धाटं पण खातात, रवंथ पण चांगली, फॅट परत वर आलं. त्याच्यापेक्षा लांब ठेवू नका, गाय नाकानं कुट्टी बाजूला सारते, खालची पेंड चाटून घेते अन् काड्या मागं ठेवते. गोळी पेंड तर घसरून तळालाच जाते, म्हणून आम्ही कुट्टीवर थोडं पाणी शिंपडून भरडा कालवतो, मग तो काड्यांना चिकटतो अन् निवडता येत नाही. कोरडा भरडा नाकात जाऊन फुरफुरायच्या तेही बंद झालं.

तक्रार पात्यांची. धार लवकर जाते, मग धाट कापायच्या ऐवजी चिरडतं अन् ओली मका अडकते. दुकानदार फोन उचलत नाही, त्यामुळं जास्तीची पाती घेतानाच मागून घ्या. रिव्हर्सचा दांडा मात्र एक नंबर, अडकलेला चारा मागं येतो, हात घालायची गरज नाही, घालूच नका.

महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं ऑनलाइन पोर्टल) अनुदान घ्यायचं असेल तर पूर्वसंमती येईपर्यंत खरेदी करू नका, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही.