प्रवाळाच्या टाकीखाली काय: लोखंड, प्लाय की ॲल्युमिनियम?

घरात प्रवाळ पाळायच्या, खाऱ्या पाण्याच्या तीन बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत साधारण १८० लिटर पाणी मावतं. काचा, दगड, वाळू, खालचा संप (पाणी गाळायची छोटी टाकी) आणि स्टँड धरला की आकडा ३५० किलोच्या आसपास जातो. म्हणजे पाच धडधाकट माणसं हॉलच्या एका कोपऱ्यात कायमची उभी. भिंतीलगत, तुळईजवळ ठेवलं तर आरसीसी इमारतीत एवढ्याने सहसा बिघडत नाही. पेठेतल्या वाड्यात लाकडी तक्तपोशीवर मात्र नको, आणि चार फुटी टाकी घ्यायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

नीट बांधलं तर तिन्ही प्रकार हे वजन पेलतात. स्टँड मोडतो तो मिठाने आणि पुण्याच्या पावसाळ्यातल्या दमटपणाने. त्यामुळे 'मजबूत कोणता' यापेक्षा 'खारं पाणी सांडल्यावर काय होईल' हे आधी विचारा. ते सांडणारच.

लोखंडी स्टँड सगळ्यात सोपा. दीड इंची चौकोनी पाइप, कोपऱ्यावरचा फॅब्रिकेटर, दोन दिवसांत काम. माझा पहिला स्टँड असाच आला. वेल्डिंग करताना सांगाडा पिळला होता आणि एक पाय चार मिलिमीटर आखूड. मी खाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि पाणी भरलं. आठवड्यात पुठ्ठा भिजून चपटा झाला, टाकी एका कोपऱ्यावर तोलली गेली आणि सिलिकॉनच्या सांध्यातून पाणी झिरपायला लागलं. तेव्हा पैसे देण्याआधी गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही कोपरे एका पातळीत आहेत का ते तपासा. पाइपांची तोंडं पत्रा लावून बंद करून घ्या, नाहीतर गंज आतून खातो आणि बाहेरून कळतही नाही. पावडर कोटिंग दिसायला झकास, पण एक ओरखडा पडला की मीठ त्याखाली शिरतं. त्यापेक्षा इपॉक्सी रंग बरा, घरच्या घरी ब्रश मारता येतो.

प्लायचा स्टँड सुतारावर अवलंबून. शीटवर आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का बघून घ्या, १८ मिलिमीटरची. टिंबर मार्केटमध्ये मिळते; तीन फुटी टाकीच्या स्टँडला ८ बाय ४ ची एक शीट जवळपास संपते. एमडीएफ कोणी कितीही गळ घातली तरी नको, ओल लागली की पावासारखं फुगतं. खरी गोची वेगळीच आहे. आपले सुतार टीव्ही युनिट करण्यात तरबेज. ते वरची फळी दोन बाजूंच्या मध्ये अडकवून स्क्रू मारतात, म्हणजे सगळं वजन स्क्रूवर येतं. फळी उभ्या बाजूंच्या डोक्यावर टेकलेली हवी. हे त्यांना कागदावर काढून दाखवा. सगळ्या कापलेल्या कडा, पाइपांसाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्यासुद्धा, इपॉक्सीने बंद करा. ओल आत शिरते ती तिथूनच. आणि दाराची रुंदी संपच्या मापावरून ठरवा. बांधून झाल्यावर संप आत जात नाही, ही तक्रार मी तीन घरांत ऐकली आहे.

ॲल्युमिनियमचे खाचेचे सेक्शन बोल्टने जोडायचे, वेल्डिंग नाही. तिघांत महाग हाच. ॲनोडाइज केलेलं असेल तर मिठाला सहसा दाद देत नाही. फक्त स्टीलचे बोल्ट जिथे भिडतात तिथे अधूनमधून पांढरी भुकटी दिसते, ती पुसत राहायची. भाड्याच्या घरात राहत असाल तर पैसे इथेच घाला. अकरा महिन्यांनी करार संपला की ॲलन कीने सगळं सुटं होतं आणि लहान लिफ्टमधूनही उतरतं.

प्रवाळाला २४ ते २६ अंश पाणी लागतं आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे पाणी थंड करणारा चिलर आला. तो प्लायच्या बंद कपाटात ठेवलात तर स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो. एकतर मागची बाजू उघडी ठेवा किंवा चिलर बाहेर. उघड्या सांगाड्याला ही कटकट नाही.

टाकीत रचायचा दगड कोरडा किंवा सिमेंटचा घ्या, समुद्रातून काढलेला प्रवाळ नको. भारतीय समुद्रातल्या कठीण प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. 'रामेश्वरमचा माल, स्वस्तात' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

माझं मत विचाराल तर स्वतःचं घर आणि ओळखीचा सुतार असेल तर प्लाय, भाड्याचं घर असेल तर ॲल्युमिनियम. लोखंड चार फुटांच्या पुढे, तेही दर दिवाळीच्या साफसफाईत रंगाचा हात मारायची तयारी असेल तरच. काहीही घ्या, मीठ कालवण्याआधी टाकी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा आणि तिसऱ्या दिवशी नळी पुन्हा लावा.