ऐतिहासिक वेशभूषेचं कापड पुण्यात कुठून घ्यावं: रविवार पेठ, लक्ष्मी रोड, हातमागाची प्रदर्शनं की कॅम्प?

शिवजयंतीची शोभायात्रा असो, कॉलेजचं नाटक असो की शाळेतली वेशभूषा स्पर्धा, कापड घ्यायचं म्हटलं की पाय आपसूक लक्ष्मी रोडकडे वळतात. काही कपड्यांसाठी ते बरोबरच आहे. पण पांढऱ्या तलम जाम्याचं (लांब, घेरदार अंगरख्याचं) कापड तिथे विनाकारण महाग पडतं, वीस मावळ्यांच्या बाराबंद्यांचं (बंदांनी बांधायच्या अंगरख्यांचं) तर फारच, आणि इंग्रजी अमदानीतला लोकरी कोट शिवायचा असेल तर तिथली चक्कर बहुधा फुकट जाते. म्हणून आधी कपडा पक्का करा, बाजार मागाहून.

कपडा पक्का करताना पहिला प्रश्न रंगाचा नाही, कापड अंगावर कसं पडतं याचा आहे. पेशवाई म्हणजे मखमल आणि चकाकती जर, हे डोक्यात बसलंय ते रंगभूमीमुळे. १७९० च्या दशकात जेम्स वेल्स या चित्रकाराने पुणे दरबारातली चित्रं काढली. त्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांच्या अंगावर पांढरं तलम कापड आहे. श्रीमंती दिसते ती मोत्यांत, शालीत, पागोट्यात. ते रूप हवं असेल तर खर्चाचा मोठा वाटा मलमलीवर करा, साटीनवर नको. खरेदीआधी बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तासभर जुने कपडे आणि विणकाम पाहून या. काठ किती रुंद असायचे, जर किती मंद दिसते, हे एकदा डोळ्यांत बसलं की दुकानातल्या झगमगाटाला माणूस फसत नाही.

रविवार पेठ: अंगाचं मूळ कापड

कापडगंज आणि आसपासच्या गल्ल्यांत घाऊक व्यवहार चालतो. मांजरपाट (जाडसर कोरं सुती कापड), मलमल, केंब्रिक, पॉपलीन, अस्तर, बुकरम (कपड्याला ताठपणा देणारं कापड) हे सगळं इथे ताग्यांच्या ताग्यांनी मिळतं. बाराबंदी, सुरवार, धोतर, जाम्याचं आतलं आणि वरचं कापड, पागोट्याची मलमल यांसाठी पुण्यात याहून चांगली जागा नाही. दोन-तीन मीटर मागणाऱ्याकडे इथे फारसं लक्ष मिळत नाही, काही दुकानं तर तागा कापूनच देत नाहीत. एकट्याचा पोशाख असेल तर जवळच्या किरकोळ दुकानात चार पैसे जास्त देऊन सुटा. पाच-सहा जणांच्या वर पथक गेलं की मात्र रविवार पेठच.

पथकासाठी हिशेब असा. मोठ्या माणसाच्या बाराबंदीला ३६ इंची पन्ह्याचं (रुंदीचं) मांजरपाट सुमारे अडीच ते पावणेतीन मीटर लागतं, म्हणजे वीस जणांना ५० ते ५५ मीटर. सगळं एकाच खेपेला, एकाच मालातून घ्या. कोरं मांजरपाट कधी पिवळसर, कधी राखाडी झाकेचं येतं, आणि रंगवलेल्या कापडात तर दोन खेपांचा भगवा कधीच जुळत नाही. दुकानात न जाणवणारा फरक उन्हात रांगेने उभं राहिल्यावर लांबूनही दिसतो. तागा किती मीटरचा आहे आणि भाव मीटरचा की वाराचा, हेही विचारून घ्या. वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. पन्नास वारांत पन्नास मीटरपेक्षा सव्वाचार मीटर कमी भरतात, म्हणजे दीड बाराबंदीहून जास्त कापड.

खरी फसगत होते ती पन्ह्यात. पाच मीटर घेराचा, बारा कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद तुकड्यांचा) जामा उदाहरणाला घ्या. कंबरेखालचा भाग एक मीटर लांब. पारंपरिक कळी एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने तिरपी असते: ५६ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर तिरपी रेघ मारली की दोन कळ्या निघतात, प्रत्येक वर १२ आणि खाली ४४ सेंटिमीटर. शिवणीत दोन सेंटिमीटर गेले की वर १० आणि खाली ४२ उरतात. बारा कळ्यांचे कंबरेला १२० सेंटिमीटर (एकावर एक येणाऱ्या पुढच्या भागासह) आणि खाली पाच मीटरचा घेर. ४४ इंची पन्ह्यात अशा दोन पट्ट्या, म्हणजे चार कळ्या बसतात आणि बारा कळ्या तीन लांब्यांत, सव्वातीन मीटरच्या आत निघतात. ३६ इंची पन्ह्यात एकच पट्टी बसते. तिथे सहा लांब्या, म्हणजे सहा मीटरच्या वर कापड लागतं आणि दर लांबीला वीतभराहून रुंद पट्टी वाया जाते. ३६ पन्ह्याचा भाव पाहून हुरळून गेलेल्यांचं गणित इथेच बिघडतं. वरचा भाग, लांब बाह्या, बंद आणि आटणं धरून ४४ पन्ह्याची सहा मीटर मलमल घ्या. पन्हा मात्र स्वतः टेपने मोजा. ४४ म्हणून विकलेलं कापड धुतल्यावर ४२ भरणं अगदी नेहमीचं आहे. तेव्हा कळी खाली तीनेक सेंटिमीटर अरुंद होते आणि घेर साडेचार-पावणेपाच मीटरवर येतो. चालतं, फक्त आधी माहीत असावं.

‘कॉटन मिक्स’ म्हणून पुढे केलेलं कापड घरी किंवा रंगाऱ्याकडून रंगवून घ्यायचं असेल तर नकोच. त्यातलं पॉलिएस्टर सुती रंग धरत नाही, आणि कपडा फिकट, विटका दिसतो.

लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग: काठ, खण, नऊवारी

सुटे काठ, लेस, गोटा, गोंडे, बंदांची दोरी यांसाठी तुळशीबागेला तोड नाही. लेसचा रोल बहुधा नऊ मीटरचा येतो. वर सांगितलेल्या जाम्याचा घेर पाच मीटर, पुढच्या दोन कडा दोन मीटर, गळा पाऊण मीटर आणि मनगटं अर्धा मीटर धरली तर सव्वाआठ मीटर होतात. एका रोलमध्ये भागतं, पण चूक करायला जागा उरत नाही. लेस लावण्याआधी गरम पाण्यातून काढून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि घेराची कड चुण्या पडून वर खेचली जाते.

आमचं मत विचाराल तर लेसपेक्षा साडी फाडावी. विणलेला काठ आणि वरून शिवलेली लेस यांत लांबूनही फरक दिसतो: विणलेला काठ कापडाबरोबर वळतो, लेस पुठ्ठ्यासारखी उभी राहते. लक्ष्मी रोडला सुती किंवा मिश्र इरकल नऊवारी मिळते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, दोन्ही अंगांना काठ. त्यातून मुलीचं परकर-पोलकं किंवा पुरुषाचा शेला आणि अंगरख्याची पट्टी आरामात निघते. विणताना किंचित दोष राहिलेली साडी मागा, भावात बराच फरक पडतो आणि कापताना दोष टाळता येतो. नऊवारी नेसायचीच असेल तर मात्र ती कापू नका आणि शिवून घेऊ नका. शिवलेल्या नऊवारीच्या निऱ्या एकाच जागी गोठल्यासारख्या दिसतात, बसताना तर जास्तच.

खणाबाबत सावध राहा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण अरुंद असतो, साधारण ३० ते ३२ इंच, आणि काठ दोन्ही कडांना. ४४ पन्ह्याचा खण बहुतेक यंत्रमागाचा आणि कृत्रिम धाग्याचा असतो. लहान मुलीच्या परकराला तो चालतो, धुवायलाही सोपा. चोळीसाठी मात्र अरुंद खणच घ्या, कारण बाहीच्या टोकाला येणारा काठ त्याच रुंदीच्या हिशेबाने विणलेला असतो. रुंद खणातून तसा काठ आणायला आडवा जोड द्यावा लागतो आणि तो दंडावर दिसतो.

जरीचा प्रश्नही इथेच येतो. स्वस्त जर म्हणजे प्लास्टिकचा चमकता धागा. कडक इस्त्री लागली की तो आकसतो आणि काठ कुरळा होतो. मंद, तांबूस झाक असलेली टेस्टेड जर थोडी महाग पडते, पण रंगमंचाच्या प्रकाशात ती सोन्यासारखी दिसते. प्लास्टिकची पिवळी चमक फोटोत पांढरी फटफटीत येते.

सोमवारी या भागातली बरीच दुकानं बंद असतात आणि गणेशोत्सवात रस्तेच बंद होतात. खरेदीची तारीख त्या बेताने ठरवा.

हातमागाची प्रदर्शनं आणि खादी: एकच, पण नजरेत भरणारं कापड

कर्वे रोडवरच्या हॉलांमध्ये वर्षातून अनेकदा हातमागाची प्रदर्शनं लागतात, डिसेंबरात भीमथडी जत्रा असते. माहेश्वरी, चंदेरी, मशरू, कधी हिमरू (नक्षीदार सूत-रेशमी कापड) असं लक्ष्मी रोडला हमखास न मिळणारं कापड इथे सापडतं. सगळा पोशाख इथून घेणं परवडत नाही आणि गरजही नाही. शेला, अंगरख्याचा बाहेरचा थर किंवा सरदाराची सुरवार, यांपैकी एक गोष्ट इथून घ्या.

सुरवारीसाठी आमची पहिली पसंती मशरूला. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा आणि साटीनची वीण, त्यामुळे चमक बाहेर दिसते आणि अंगाला सूत लागतं. नाटकात दोन तास दिव्यांखाली उभं राहणाऱ्याला हा फरक पहिल्या अंकातच कळतो. आजच्या मशरूत रेशमाऐवजी बहुधा रेयॉन असतं. वेशभूषेला ते पुरेसं आहे, भाव मात्र रेयॉनचाच द्या. रेशीम म्हणून सांगितलं तर सिल्क मार्कची (खऱ्या रेशमाच्या खुणेची) चिठ्ठी मागा, खादीला खादी मार्क पाहा.

प्रदर्शनाचा मोठा तोटा म्हणजे हवं तेव्हा हवं ते मिळत नाही. अर्धा मीटर कमी पडलं तर विणकर पुढच्या गावी गेलेला असतो. म्हणून इथे नेहमी मीटरभर जास्त घ्या. विणकरांकडून ऑनलाइन मागवलं तरी हीच अडचण, वर स्क्रीनवरचा रंग आणि हातातला रंग वेगळा निघतो. आधी वीतभर नमुना मागवून, मग ऑर्डर द्या.

कॅम्प: फुले-टिळकांच्या काळापासून पुढे

एमजी रोड आणि आजूबाजूला सुटिंग, लोकरमिश्रित कापड, लिनन, चांगली मखमल मिळते. एकोणिसाव्या शतकातला लांब कोट, इंग्रज अधिकाऱ्याचा पोशाख, पारशी झगा यांसाठी थेट इथेच या. शिवकाल आणि पेशवाईसाठी खास यायचं कारण नाही, मखमल सोडून. मखमलीला लव असते: एका दिशेने हात फिरवला तर गडद, उलट फिरवला तर फिकट. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, कळ्या उलटसुलट बसवता येत नाहीत, म्हणून हिशेबापेक्षा पाचवा हिस्सा कापड जास्त घ्या. एक कळी उलटी लागली तर ती ठिगळासारखी दिसते आणि इस्त्रीने ते दुरुस्त होत नाही. इस्त्रीही उलट्या बाजूनेच, खाली टर्किश टॉवेल घालून करा.

रंगाबद्दल एक गोष्ट सगळ्याच बाजारांना लागू आहे. पहिला कृत्रिम रंग, जांभळा, विल्यम पर्किनने १८५६ साली शोधला. त्याआधीचे कपडे नीळ, मंजिष्ठ, लाख, हळद यांच्या रंगांतले. झगझगीत राणी रंग किंवा पोपटी शिवकालीन अंगावर चढवला की कापड कितीही चांगलं असो, पोशाख आजचाच दिसतो.

दुकानातून निघण्याआधी, कात्री लावण्याआधी

कापड दाराशी आणून उजेडात पाहा. एक मीटर उलगडून खांद्यावर एका टोकाने धरा. घडी गोल, खोल पडली तर घेर चांगला फिरेल, टोकदार कोन पडले तर तो पिंपासारखा उभा राहील. मांजरपाट दोन बोटांत चोळा. पांढरी भुकटी पडली तर खळ जास्त आहे, आणि धुतल्यावर तेच कापड झिरझिरीत होईल. लाल किंवा निळ्या काठावर ओला पांढरा रुमाल दाबून घासा. रुमालाला रंग लागला तर पांढऱ्या जाम्याला तो काठ लावू नका, मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो यावर विसंबू नका.

कडेचे चार-पाच धागे मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ करडी राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राखेची गोळी बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक काळा मणी होतो, तो गरम असताना हात लावू नका. रेयॉन सुतासारखंच जळतं, त्यामुळे रेशीम की रेयॉन हे ओळखायला वासच कामी येतो.

सुती कापड कापण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, दुसऱ्या दिवशी गरम पाण्यातून काढा, पिळू नका, आडवं वाळवा. खादी आणि मांजरपाट लांबीत शेकडा पाच ते आठ आटतं, म्हणजे सहा मीटरमागे तीस ते पन्नास सेंटिमीटर. अस्तरही याच पाण्यातून काढा. वरचं कापड आटवलेलं आणि अस्तर कोरं राहिलं, तर पहिल्या धुण्यानंतर जामा आतून खेचला जातो आणि छातीवरचे बंद एका रेषेत राहत नाहीत. ते सरळ करायला सगळी शिवण उसवावी लागते.