फ्री असेसमेंटच्या नावाखाली गंडवलं, कोर्स लावायच्या आधी हे वाचा

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, कम्युनिकेशन स्किल वगैरेचा कोर्स लावायचा विचार असेल तर दोन मिनिटं द्या. "तुमची नेमकी गरज शोधून देतो" म्हणणाऱ्या एका संस्थेने मला व्यवस्थित चुना लावलाय. नाव लिहीत नाही, हाच धंदा करणारे ढीगभर आहेत.

आधी ऑनलाइन प्रश्नावली. चारचौघांत बोलताना कधी दडपण येतं का, नाही म्हणायला जड जातं का असले प्रश्न (आता "कधी" विचारल्यावर नाही कोण म्हणणार?). लगेच पीडीएफ येते, रंगीत ग्राफ, आणि खाली लिहिलेलं की तुमच्यात भरपूर क्षमता आहे पण ती पूर्ण वापरली जात नाही, वरून शांत दिसता पण आतून धाकधूक असते. तासाभरात काउन्सेलरचा फोन, मॅडम तुमचा कॉन्फिडन्स रेडमध्ये आहे, आजच सीट बुक करा, डिस्काउंट उद्या नाही मिळणार. फी कुठल्याही कारणाने परत मिळणार नाही ही अट मात्र पैसे भरल्यावरच्या मेलमध्ये.

नंतर कळलं ऑफिसमधल्या मैत्रिणीनेही तीच टेस्ट दिलेली. दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी उघडले तर वाक्यं तीच, रेडमध्ये कॉन्फिडन्सच, आणि तिच्या तिसऱ्या पानावर भलत्याच कुणाचं तरी नाव पुसायचं राहून गेलेलं!

ही युक्ती जुनीच आहे म्हणे. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन "हे खास तुझं" म्हणून वाटलं होतं, आणि त्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४ च्या वर मार्क दिले. वापरली न गेलेली क्षमता, आतली धाकधूक, सगळं त्यात होतं.

क्लासमध्ये काय तर टाळ्या, आरशासमोर बोलणं, आणि "शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के, बाकी सगळं आवाज आणि देहबोली". हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतला, तोही फक्त भावना आणि आवडनावड पोचवण्याबद्दल, सगळ्या बोलण्याला तो लागू नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. पण हे सांगितलं तर देहबोलीची बॅच विकणार कशी.

माझी खरी अडचण सीनियरने फुकटात दाखवली. माझाच एक मेल उघडला, आधी सगळा इतिहास आणि मला काय मंजूर करून हवंय ते शेवटच्या ओळीत. मीटिंगमध्येही तेच, कुणी हो की नाही विचारलं की मी पहिल्यापासून सुरू. याचा कॉन्फिडन्सशी काय संबंध? मैत्रिणीचं तर आणखी वेगळं, ती उत्तम बोलते, मीटिंग चालवणारा तिला वाक्य पुरं करू देत नाही, त्याला तिने कुठला कोर्स लावायचा?

त्यामुळे कुणी गरज शोधून देतो म्हणालं तर विचारा, माझं काम बघितलंय का, माझ्यासोबत काम करणाऱ्यांशी बोललात का, आणि कोर्सनंतर कामात नेमकं काय बदललेलं दिसेल. आमच्या काउन्सेलरला हे विचारलं तर म्हणे "मॅडम तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता".

रिफंडचे मेल चालू आहेत, उत्तर एकाचंही नाही. अॅडव्हान्स लेव्हलच्या ऑफरचा मेसेज मात्र परवा आला, त्यात माझा कॉन्फिडन्स अजून रेडमध्येच आहे.