अर्धवट कादंबरी शेवटापर्यंत नेण्यासाठी स्क्रिव्हनर : एक परीक्षण

कादंबरी सुरू करणारे पुष्कळ असतात, ती पुरी करणारे त्या मानाने थोडे, आणि यामागे प्रतिभेची उणीव हे कारण क्वचितच असते. पहिली काही प्रकरणे नव्या विषयाच्या हुरुपात लिहून होतात. पात्रे ताजी असतात, पुढे काय घडणार याची लेखकालाही उत्सुकता असते. मजकूर एक-तृतीयांशाच्या आसपास पोहोचला की मात्र घोडे अडते. मागे लिहिलेले एका दृष्टिक्षेपात मावत नाही, शेवट अजून दूर असतो, आणि आज लिहिलेल्या दोन पानांनी एवढ्या मोठ्या कामात नेमकी काय भर पडली हे दिसेनासे होते. स्क्रिव्हनर या लेखन-सॉफ्टवेअरवर एरवी त्याच्या असंख्य सोयींची यादी देणारे लेखन होते. मी त्याच्याकडे एवढ्याच अंगाने पाहणार आहे की, उमेद ओसरलेल्या अवस्थेत हस्तलिखित पुढे सरकते ठेवण्यास ते कितपत कामी येते.

हे सॉफ्टवेअर ‘लिटरेचर अँड लाटे’ या कंपनीचे असून, ते तयार करणारे कीथ ब्लाउंट यांना स्वतःच्या लेखनासाठी मनाजोगे साधन न सापडल्यामुळे त्यांनी ते घडवले. मॅकसाठीची पहिली आवृत्ती २००७ साली आली, विंडोजसाठीची २०११ साली आणि आयफोन-आयपॅडसाठीची २०१६ साली. सध्याची तिसरी आवृत्ती मॅकवर २०१७ पासून आणि विंडोजवर २०२१ पासून उपलब्ध आहे. संगणकावरील आवृत्ती एकदाच विकत घ्यायची असते. मासिक वर्गणी नाही. वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामासाठी ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण लेखन थंडावलेल्या महिन्यांत वर्गणीचा आकडा अपराधी भावनेत भर घालण्यापलीकडे काही करत नाही.

स्क्रिव्हनरची मूळ कल्पना साधी आहे. कादंबरी ही एक अखंड फाइल न राहता तुकड्यातुकड्यांची बनते. डावीकडच्या ‘बाइंडर’ नावाच्या पट्टीत प्रकरणांची फोल्डरे असतात आणि त्यांच्या पोटात प्रसंगांचे स्वतंत्र दस्तऐवज. ते ओढून वर-खाली करता येतात, हवे तेव्हा सगळे सलग जोडून वाचता येतात, आणि ‘कॉर्कबोर्ड’ उघडला की प्रत्येक प्रसंग त्याच्या चार ओळींच्या सारांशासह एकेका कार्डासारखा समोर मांडलेला दिसतो. वर्डमध्ये तीनशे पानांची फाइल उघडणाऱ्याला पहिल्यांदा आपण लिहिलेले सगळे ओझे दिसते. इथे फक्त आजचा प्रसंग दिसतो. लिहायला बसण्याआधीची जी टाळाटाळ असते, तिच्यावर या एका फरकाचा खोल परिणाम होतो, कारण माणूस कादंबरी लिहायला कचरतो, पण दोन पात्रांमधले एक भांडण लिहायला सहसा कचरत नाही.

याच रचनेमुळे क्रम सोडून लिहिणेही सोपे होते. सातव्या प्रकरणातील अंत्यविधीचा प्रसंग मनात अडकून बसला असेल आणि बाराव्या प्रकरणातील भेट स्पष्ट दिसत असेल, तर सातव्यात एक रिकामे कार्ड ठेवून, त्यावर ‘येथे थोरल्या भावाला पत्राचा पत्ता लागतो’ एवढे लिहून पुढे जाता येते. रिकामी जागा लपत नाही, पण ती वाट अडवूनही बसत नाही. प्रत्येक दस्तऐवजाला ‘लिहायचे आहे’, ‘पहिला खर्डा’, ‘सुधारलेला खर्डा’ अशा अर्थाची स्थिती जोडता येते. पहिल्या खर्ड्याचे उद्दिष्ट प्रत्येक प्रसंग चांगला करणे हे नसून प्रत्येक प्रसंग अस्तित्वात आणणे हे आहे, याची आठवण ही छोटीशी खूण रोज करून देते.

माझ्या अनुभवात सर्वांत फलदायी ठरलेली पद्धत कोणत्याही जाहिरातीत नसते, आणि तिच्यासाठी कोणतीही खास सोय लागत नाही. दिवसाचे लेखन थांबवण्यापूर्वी, चालू प्रसंगाच्या खाली लगेच एक नवा रिकामा दस्तऐवज तयार करावा, त्याला पुढच्या प्रसंगाचे नाव द्यावे आणि सारांशाच्या कार्डावर दोन ओळी लिहाव्यात : प्रसंगात कोण आहे, त्याला काय हवे आहे आणि ते का मिळत नाही. जमल्यास पहिले वाक्य अर्धेच लिहून सोडावे. स्क्रिव्हनर पुन्हा उघडताना प्रकल्प जिथे बंद केला होता तिथेच उघडतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी समोर कोरे पान येत नाही, तर अर्धे वाक्य येते, आणि ते पुरे केल्यावाचून राहवत नाही.

आता या परीक्षणाचा मुख्य विषय, म्हणजे ‘प्रोजेक्ट टार्गेट्स’. या छोट्या चौकटीत संपूर्ण खर्ड्याचे शब्दसंख्येचे लक्ष्य आणि एका बैठकीचे लक्ष्य अशी दोन उद्दिष्टे ठेवता येतात. लिहीत गेले की तांबडी पट्टी भरत-भरत हिरवी होते. ही गोष्ट बाळबोध वाटण्याची शक्यता आहे, परंतु दीर्घ कामात मनाला ज्या पुराव्याची भूक असते तो पुरावा हाच असतो : काल नव्हते ते आज आहे. कादंबरी या साहित्यप्रकाराला अधूनमधून दाद मिळण्याची सोय नाही. कविता सायंकाळी कुणाला ऐकवता येते, कथा महिन्याभरात कुणाला वाचायला देता येते, कादंबरीकार मात्र कित्येक महिने कुणाच्याही होकाराविना काम करत असतो. अशा वेळी भरलेली पट्टी अगदीच क्षुल्लक ठरत नाही.

तरीही या सोयीतील एका पर्यायाबद्दल मला गंभीर आक्षेप आहे. खर्ड्याला अंतिम तारीख देऊन, आठवड्यातील कोणत्या वारी लिहिणार ते निवडले, की बैठकीचे लक्ष्य आपोआप काढण्याची व्यवस्था यात आहे. समजा, ४०,००० शब्द उरले आहेत आणि लेखनाचे १०० दिवस हातात आहेत. तर रोजचे लक्ष्य ४०० शब्दांचे येते. आजारपण, परीक्षा, घरातले कार्य यांमुळे २० दिवस कोरे गेले, तर उरलेल्या ८० दिवसांसाठी तेच लक्ष्य ५०० होते. आणखी १५ दिवस गेले की ते ६०० च्याही वर चढते. गणित अचूक आहे, पण माणसाच्या मनासाठी ते उलटे आहे. जो आधीच मागे पडला आहे, ज्याची लिहिण्याची सवय मोडली आहे आणि ज्याला पुन्हा सुरुवात करण्यासाठी हलक्या दिवसाची गरज आहे, त्याच्याकडून हे यंत्र जास्त काम मागते. थकलेल्या लेखकाने अशा आकड्याकडे पाहून फाइल बंद केली, तर त्यात त्याच्या निश्चयाचा दोष शोधणे मला योग्य वाटत नाही. संपादकाला तारीख दिलेली असेल तरच हा पर्याय वापरावा. इतरांनी अंतिम तारखेची खूण काढून टाकावी आणि बैठकीचे लक्ष्य हाताने घालावे, तेही वाईटातल्या वाईट दिवशी पुरे होईल इतके कमी. खंडानंतर परत येताना ते निम्मे करावे. चांगल्या दिवशी लक्ष्य ओलांडले जातेच; त्यासाठी ते आधीपासून मोठे असण्याची आवश्यकता नसते.

शब्दसंख्येच्या आकड्यांबाबत मराठी लेखकाने आणखी एक खबरदारी घ्यावी. लक्ष्य म्हणून जे आकडे सर्वत्र फिरतात ते बहुतांशी इंग्रजी लेखनातून आलेले आहेत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध ५०,००० शब्दांचा, जो नॅनोरायमो या उपक्रमामुळे जगभर पोहोचला. १९९९ साली सुरू झालेल्या या उपक्रमात एका महिन्यात एवढा खर्डा, म्हणजे दिवसाला सुमारे १,६६७ शब्द, पुरा करायचा असे. तो चालवणाऱ्या संस्थेने २०२५ साली काम थांबवत असल्याचे जाहीर केले. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मूळ शब्दाला जोडूनच लिहिली जातात, त्यामुळे तेवढाच आशय सहसा कमी शब्दांत बसतो. इंग्रजीचा आकडा जसाच्या तसा उचलणारा मराठी लेखक नकळत स्वतःकडून अधिक पाने मागत असतो. आपल्या आवडत्या लांबीच्या एखाद्या मराठी कादंबरीच्या काही पानांतील शब्द मोजावेत, त्यावरून अंदाज बांधावा आणि तो आकडा घालावा.

लक्ष्याच्या चौकटीतील पर्यायांत शिरून दोन खुणा तपासून घेणे हिताचे आहे. पहिली, प्रकल्पात कुठेही लिहिलेला मजकूर बैठकीच्या मोजणीत धरण्याची. ती बंद ठेवावी. स्क्रिव्हनरमध्ये पात्रांच्या नोंदींचे साचे आहेत, संशोधनाची फोल्डरे आहेत, पात्रांसाठी नावे सुचवणारे साधनही आहे, आणि या सगळ्यात सायंकाळच्या सायंकाळ आनंदाने निघून जाते. नायिकेच्या आजोळाची माहिती पाच पाने लिहून पट्टी हिरवी झाली, तर खर्डा तिथेच राहतो आणि मनाला मात्र काम झाल्याचे समाधान मिळते. पहिला खर्डा रेंगाळण्याचे हे फार सामान्य कारण आहे. दुसरी खूण मोजणी शून्याखाली जाऊ देण्याची. काटछाट करण्याच्या टप्प्यावर ती चालू राहिली तर अत्यंत उपयुक्त काम केलेल्या दिवशी उणे आकडा दिसतो. पुनर्लेखनाच्या काळात शब्दांऐवजी प्रसंग मोजणे अधिक न्याय्य ठरते.

तिसऱ्या आवृत्तीत आलेली ‘रायटिंग हिस्ट्री’ ही नोंदवही मला लक्ष्याच्या पट्टीइतकीच मोलाची वाटते. कोणत्या दिवशी किती शब्द लिहिले गेले याची ती आपोआप नोंद ठेवते. ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यातील नोकरी सांभाळून, समोर घड्याळ ठेवून पाव तासाला २५० शब्द या गतीने लिहीत असत आणि रोजच्या पानांची नोंद डायरीत ठेवत, जेणेकरून आळसात गेलेला आठवडा डोळ्यांपुढे उभा राहावा. मला मात्र या नोंदींचा उपयोग आळस पकडण्यासाठी करावासा वाटत नाही. काही महिन्यांची नोंद एकत्र पाहिली की आपला खरा वेग कळतो, कोणते वार कायम कोरे जातात ते कळते, आणि ‘गेल्या काही महिन्यांत माझे काहीच झाले नाही’ ही भावना किती वेळा खोटी होती तेही कळते.

‘स्नॅपशॉट’ ही सोय धीर देणारी आहे. एखाद्या प्रसंगात मोठा बदल करण्यापूर्वी त्याचे चित्र टिपून ठेवावे. नंतर जुना आणि नवा पाठ ताडून पाहता येतो, आणि नको वाटल्यास जुना परत आणता येतो. चांगले वाक्य गमावण्याच्या भीतीने अनेक लेखक वाईट प्रकरणाला हात लावत नाहीत, ती भीती यामुळे उरत नाही. लिहिताना बाकी सर्व पडदा झाकणारी व्यवस्थाही चांगली आहे, मात्र हातातला फोन ती झाकू शकत नाही.

उणिवांबद्दल. शिकण्यास हे सॉफ्टवेअर सोपे नाही. विशेषतः तुकडे एकत्र करून वर्ड किंवा ई-पुस्तकाच्या स्वरूपात बाहेर काढणारा ‘कम्पाइल’ हा विभाग किचकट आहे, आणि तो खर्डा पुरा होईपर्यंत उघडूच नये असे माझे मत आहे. अँड्रॉइडसाठी आवृत्ती नाही, त्यामुळे प्रवासात फोनवर लिहिणाऱ्या फार मोठ्या वर्गाला याचा अर्धाच लाभ मिळतो. एकाच प्रकल्पावर दोघांनी एकाच वेळी काम करण्याची सोय नाही. आयपॅड आणि संगणक यांच्यातील देवाणघेवाण ड्रॉपबॉक्समार्फत होते, आणि एका ठिकाणी प्रकल्प बंद करून नोंदी पूर्ण चढल्याशिवाय दुसरीकडे उघडल्यास पाठांची सरमिसळ होऊ शकते. प्रकल्प बंद करताना आपोआप राखीव प्रत घेतली जाते, ही मोठीच जमेची बाजू. तरी ती प्रत संगणकाबाहेरही जाईल अशी व्यवस्था स्वतः करून ठेवावी.

हे साधन कोणासाठी? जो लेखक एका वहीत सलग, आरंभापासून शेवटापर्यंत लिहीत जातो आणि ज्याचे काम चालू आहे, त्याने ते बदलण्याचे काहीच कारण नाही. ज्याची कादंबरी मध्यात अडकली आहे, ज्याला रोज तासभरही सलग मिळत नाही, आणि ज्याला आपण कुठवर आलो हे दिसत नसल्यामुळे हुरूप टिकत नाही, त्याला स्क्रिव्हनरचा निश्चित उपयोग होईल. चाचणी आवृत्ती प्रत्यक्ष वापराचे ३० दिवस चालते. न उघडलेले दिवस त्यात मोजले जात नाहीत, म्हणजे आठवड्यातून दोनदा लिहिणाऱ्याला ती पंधरा आठवडे पुरते. त्या काळात नवी कादंबरी सुरू करण्याऐवजी अर्धवट पडलेलीच आत आणावी, तिचे प्रसंग वेगळे करावेत, आणि पहिल्या आठवड्यात लक्ष्याची चौकट न उघडता फक्त रिकाम्या जागांची कार्डे तयार करावीत. त्यांतले सर्वांत सोपे कार्ड कोणते ते बहुधा लगेच दिसते, आणि लेखन तिथूनच पुन्हा सुरू करावे.