पॅरिसच्या घरांसारख्या भिंतींसाठी पॉलियुरेथेनच्या पट्ट्या: घ्याव्यात का?

१९व्या शतकात ओस्मान या अधिकाऱ्याने केलेल्या शहराच्या पुनर्रचनेत उभ्या राहिलेल्या पॅरिसमधल्या घरांत भिंतींवर उठावदार चौकटी दिसतात. तोच थाट आणायला पॉलियुरेथेनच्या (एक प्रकारच्या कडक प्लास्टिक फोमच्या) तयार पट्ट्या उत्तम. प्लास्टरपेक्षा कितीतरी हलक्या, ओलाव्याने न फुगणाऱ्या, बारीक दातांच्या करवतीने सहज कापल्या जाणाऱ्या. स्वस्त थर्माकोलच्या पट्ट्या मात्र टाळाच: बोटाने दाबलं तरी खड्डा पडतो आणि सॉल्व्हंट असलेल्या गोंदाने त्या विरघळतात.

कोपरे मायटर बॉक्समध्ये (करवत ठरावीक कोनात धरणाऱ्या साच्यात) ४५ अंशांत कापा. गोंद पट्टीच्या पाठीला लावतात तसा सांध्यांच्या तोंडांनाही हवा. बहुतेक जण इथेच चुकतात आणि हवामान बदललं की तिथे बारीक भेग दिसू लागते. पोपडे आलेला जुना रंग खरवडून धूळ पुसा, नाहीतर पट्टी रंगासकट सुटते. कडेची फट ॲक्रिलिक सीलंटने भरा. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.

चौकटींमधलं अंतर ८ ते १० सेंमी, सगळीकडे सारखं. भिंतीला आणि पट्टीला एकच मॅट रंग द्या. सोनेरी कडांचा मोह होतोच, पण खरी शोभा पट्टीच्या सावलीची आहे. म्हणून अगदी चपट्या पट्ट्या घेऊ नका, निदान १५ मिमी उठाव हवा.