रिकाम्या खोलीतला एसी: कार्ड, सेन्सर की दाराचा चुंबक?

गोव्यात मांद्रे-मोरजीकडे चार-सहा खोल्या भाड्याने देणाऱ्याचं सिझनमधलं दुखणं एकच: पाहुणे सकाळी दर्यावर जातात, एसी खोलीत एकटाच चालू राहतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरावर तासाला साधारण दीड युनिट खातो. खोली रिकामी झाली हे ओळखून तो आपोआप बंद करायचे उपाय बरेच आहेत.

की-कार्ड, म्हणजे दाराजवळच्या खाचेत घातलं तरच खोलीची वीज चालू राहते ते कार्ड, सर्वांत स्वस्त आणि फसवायला सर्वांत सोपं. साध्या खाचेला कार्ड कुठलं याच्याशी देणंघेणं नसतं. आमच्याकडे एकदा तिच्यात टूथपेस्टच्या खोक्याचा पुठ्ठा सापडला! शिवाय कार्ड काढलं की चार्जिंगला लावलेला मोबाइलही बंद. परत आलेला पाहुणा मग तक्रार करतोच.

पीआयआर सेन्सर हलणारी उष्णता टिपतो, त्यामुळे गाढ झोपलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. रात्री दोनला एसी बंद, आणि तुमचा फोन सुरू. मे महिन्यात तापलेल्या खोलीत अंग आणि भिंत यांच्या तापमानातला फरक कमी होतो, तेव्हा तो आणखी आंधळा होतो. जिन्यात, बाथरूमच्या दिव्याला झकास. झोपायच्या खोलीत एकटा नको.

रडार सेन्सर श्वासाने हलणारी छातीसुद्धा ओळखतो. मात्र छताचा पंखा किंवा वाऱ्यावरचा पडदाही त्याला माणूस वाटू शकतो, आणि प्लायवूडच्या भिंतीपलीकडचा शेजारीही. महाग आहेच, वर खोलीगणिक सेटिंग करणारा जाणकार हवा. मोठ्या सभागृहाची गोष्ट वेगळी. तिथे कार्बन डायऑक्साइड मोजून गर्दीप्रमाणे ताजी हवा कमी-जास्त करणं सोयीचं. खोलीला ते संथ पडतं.

माझं मत दाराचा चुंबकी स्विच (दार उघडलं-मिटलं हे कळवणारा) आणि पीआयआर या जोडीला. दार उघडून मिटल्यावर वीस मिनिटं हालचाल नाही, तर खोली रिकामी. दार मिटल्यावर एकदा जरी हालचाल दिसली, तर दार पुन्हा उघडेपर्यंत माणूस आतच धरायचा. मग तो कितीही घोरो. दोघांपैकी एकच बाहेर गेला, तर मागे राहिलेला वीस मिनिटांत एकदा तरी हलायला हवा, एवढी खोच राहते. असाच स्विच बाल्कनीच्या दारालाही लावा. एसी चालू ठेवून बाल्कनी उघडी टाकणारे थोडे नाहीत, आणि त्या दमट हवेतलं पाणी काढण्यातच एसीचा जीव जातो. घेताना दोन गोष्टी पाहा: खाऱ्या हवेत टिकेल असा बंदिस्त स्विच, आणि वीज जाऊन आल्यावर आधीची स्थिती लक्षात ठेवणारा कंट्रोलर.

एसीची वीज मुळापासून तोडणारी जोडणी मात्र करू नका. चालत्या कॉम्प्रेसरचा पुरवठा वारंवार तोडणं बरं नव्हे. रिमोटसारखा संदेश पाठवणारं उपकरण लावा. उन्हाळ्यात पाहुणा थोड्या वेळासाठी बाहेर गेला, तर बंद करण्याऐवजी तापमान २८ वर नेलं तरी पुष्कळ. परतल्यावर खोली लवकर गार होते. २०२० पासून नव्या एसींचं मूळ सेटिंग २४ अंश असतं, तेही उगाच खाली ओढू नये. पावसाळ्यात गणित उलटं. बंद खोलीत गादीला बुरशी धरते, तेव्हा रिकाम्या खोलीतही ड्राय मोड रोज थोडा वेळ चालवावा लागतो. ती वीज वाया गेली असं मी धरत नाही.

काहीही घ्या, आधी एकाच खोलीत बसवा आणि एक रात्र तिथे स्वतः झोपून बघा.